परक्या यंत्रावरील खेळ

भाषा शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्याला जगांतील निम्म्या तंट्यांचें मूळ भाषेंत दिसूं लागतें, ही आम्हां शिक्षकांची खोड आमच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु कित्येकदां ही खोड उपयोगी पडते. या महिन्याचा विषय वाचून कांहीं वडील मंडळींच्या भुंवया चढतील. विषय आहे संगणकावरील खेळांचा. त्यांतही, जे खेळ केवळ विंडोजसाठीं रचलेले असतात ते विंडोज नसलेल्या संगणकावर खेळतां येतील कीं काय, या प्रश्नाचा. हा प्रश्न पोरासोरांचा म्हणून झटकून टाकण्याजोगा नाहीं. ज्या एकत्र कुटुंबांत तीनचार मुलें शिकत आहेत तेथें यावरून रुसवेफुगवे होतात, वडील माणसें नको तितकीं कठोर किंवा नको तितकीं उदार होतात, आणि एखाद्या रुसव्याची किंमत पाऊण लाख रुपयांपर्यंत जाते. तेव्हां निर्णय देण्यापूर्वीं वस्तुस्थिति समजून घेणें हें घरांतील कर्त्या माणसांचें कर्तव्यच होय.

आमच्याच घरांतील उदाहरण सांगतों. आमच्या थोरल्या चिरंजीवांची कन्या चित्रकलेचा अभ्यास करते, म्हणून तिला मॅक घेऊन दिला. धाकट्या चिरंजीवांचा मुलगा अकरावींत आहे. त्याच्या वांट्याला घरांतील जुना संगणक आला. त्यावरील विंडोज १० ची नित्याची देखभाल मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली, आणि विंडोज ११ तर अशा जुन्या यंत्रास उंबऱ्याच्या आंत घेत नाहीं. टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा असल्यास साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर, एवढें असल्यावांचून त्याची अट पुरी होत नाहीं. तेव्हां मुलाच्या आतेभावानें त्या यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य कार्यप्रणाली बसवून दिली. संगणक पुन्हां तरतरीत झाला, अभ्यास उत्तम चालूं लागला. खेळ मात्र एकही उघडेना. मॅकवर तर ते पूर्वींच उघडत नव्हते.

एके दिवशीं नातू आमच्यापाशीं येऊन बसला. “आजोबा, रात्रीं जेवणें झालीं कीं वर्गांतलीं सगळीं मुलें मिळून खेळतात. सकाळीं त्यांचें बोलणें त्याच खेळाचें. मी नुसता ऐकत उभा असतों. तुम्ही बाबांना सांगा ना.” बाबांचें उत्तर ठरलेलें होतें. “आप्पा, चालतें यंत्र खेळापायीं मोडीत काढायचें, हें तुम्हांला तरी पटेल का?” मुलाचें दुःख खोटें नव्हतें आणि बापाचा हिशेबही खोटा नव्हता. अशा वेळीं न्यायाधीश होण्यापेक्षां टीकाकार होणें बरें. म्हणून आधीं अन्वय लावावा आणि मग अर्थ सांगावा, असें आम्हीं ठरविलें.

खेळ म्हणजे अखेर आज्ञांची एक लांबलचक पोथी होय. ती परक्या यंत्रास उलगडत नाहीं, याचीं कारणें तीन असूं शकतात आणि तीं वेगवेगळीं ओळखलीं पाहिजेत. पहिलें कारण प्रोसेसरच्या भाषेचें. इंटेल व एएमडी यांचे प्रोसेसर एक भाषा जाणतात. ॲपलनें नोव्हेंबर २०२० पासून मॅकमध्यें बसविलेले एम-वन व त्यापुढील प्रोसेसर एआरएम नांवाची अगदीं निराळी भाषा जाणतात. दुसरें कारण कार्यप्रणालीचें. फाईल उघडावयाची असो, आवाज काढावयाचा असो, कीं कळ दाबली गेली किंवा नाहीं हें पाहावयाचें असो, खेळ स्वतः हीं कामें करीत नाहीं. घरच्या यजमानास विनंती करतो. ही विनंती कोणत्या शब्दांत करावयाची हें विंडोजचें वेगळें, लिनक्सचें वेगळें आणि मॅकचें वेगळें. तिसरें कारण चित्रांचें. धांवता घोडा, पडता पाऊस, भिंतीवर हलणारी सावली, हीं सर्व काढण्याचें काम चित्रांसाठीं असलेल्या निराळ्या प्रोसेसरकडे असतें, आणि त्याला हुकूम देण्याकरितां विंडोजवर डायरेक्ट थ्री-डी नांवाची परिभाषा रूढ आहे. लिनक्सवर व्हल्कन व मॅकवर मेटल या परिभाषा चालतात. त्यांस डायरेक्ट थ्री-डीचें अक्षरही कळत नाहीं.

एवढें उलगडतांच दोघां भावंडांस आपापली स्थिति कळली. जुन्या संगणकाचा प्रोसेसर इंटेलचाच असल्यामुळें पहिली अडचण त्याला नव्हतीच. मॅकला मात्र तिन्ही होत्या. दिसावयास नवा व भारी म्हणून तो खेळालाही अधिक लायक असेल, हा घरांतील समज येथेंच गळून पडला.

अडचणी कळल्या; आतां उपाय पाहूं. ते दोन प्रकारचे आहेत. घरीं कानडी पाहुणा आला आणि त्याला मराठीचा गंध नाहीं, अशी कल्पना करावी. एक उपाय असा कीं, माजघरांतच त्याच्यासाठीं लहानसें कानडी बिऱ्हाड थाटावें; चूल त्याची, भांडीं त्याचीं, आचारी त्याचा. संगणकांत यालाच आभासी यंत्र म्हणतात. एका संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक आहे असें सोंग उभें करून त्यांत सबंध विंडोज बसवावयाचें. हें साधतें, परंतु यंत्राच्या शक्तीची दोन बिऱ्हाडांत वांटणी होते, विंडोजचा परवाना निराळा लागतो, आणि जड खेळ धापा टाकूं लागतात. दुसरा उपाय म्हणजे पाहुण्याच्या शेजारीं एक चांगला दुभाष्या बसवावा. पाहुण्यानें ‘नीरु’ म्हणतांच दुभाष्यानें आंत ‘पाणी’ म्हणून सांगावें. पाणी आपल्याच घरचें, आणणारा आपलाच. पाहुण्याला आपण परमुलखांत आहों हें कळतही नाहीं.

हा दुभाष्या म्हणजे वाईन नांवाची आज्ञावली. नांवावरून वाचकांनीं भलता अर्थ घेऊं नये! ‘वाईन हें नकली यंत्र नव्हे’ अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्यांतील आद्याक्षरांनीं तें नांव सिद्ध झालें आहे, आणि गंमत अशी कीं त्या वाक्यांतील पहिला शब्द पुनः वाईन हाच! कामास १९९३ सालीं आरंभ झाला. विंडोज ३.१ चे ते दिवस. प्रथम बॉब ॲमस्टॅट यांनीं धुरा वाहिली. पुढें १९९४ पासून ती आलेक्सांद्र ज्युलियार यांच्याकडे आली. १.० ही पहिली पक्की आवृत्ति १७ जून २००८ रोजीं निघाली. म्हणजे पंधरा वर्षें झालीं. तेवढ्या काळांत पहिलींत आलेलें मूल पदवीधर होऊन जातें. देशोदेशींच्या माणसांनीं, आणि त्यांतील पुष्कळांनीं वेतनावांचून, हें काम केलें. कसें केलें हेंही मुलांस मुद्दाम सांगावें. विंडोजची मूळ पोथी मायक्रोसॉफ्टच्या कपाटांत असते. ती पाहून लिहिणें म्हणजे शेजाऱ्याची वही पाहून उत्तर उतरविणें होय. ज्यानें ती पोथी पाहिली असेल त्याचें लेखन सहसा घ्यावयाचें नाहीं, असा वाईनकारांचा दंडक आहे. विंडोजला बाहेरून प्रश्न विचारावा, तें काय उत्तर देतें हें टिपून घ्यावें, आणि तेंच उत्तर देणारी रचना आपल्या बुद्धीनें करावी, ही त्यांची रीत.

यांतील एक बारकावा संस्कृतज्ञांस विशेष रुचेल. विंडोजमध्येंही चुका आहेत, आणि जुन्या खेळांच्या कर्त्यांनीं कित्येकदां त्या चुका गृहीत धरूनच आपली रचना केलेली असते. दुभाष्यानें शुद्धीच्या आवेशांत त्या सुधारल्या तर खेळ बंद पडतो. म्हणून वाईनला विंडोजचे दोषही जसेच्या तसे वठवावे लागतात. महाभारतांत पाणिनीच्या नियमांत न बसणारें रूप आलें तर पंडित तें खोडीत नाहीं. ‘आर्ष प्रयोग’ म्हणून तसेंच ठेवितो. वाईनकार विंडोजच्या दोषांस तोच मान देतात. दुभाष्यानें आपली विद्वत्ता मिरवूं नये, बोलणाऱ्याचें म्हणणें पोंचवावें, हा धर्म त्यांनीं आमच्यांतील कांहीं भाषांतरकारांपेक्षां अधिक पाळला आहे.

तिसऱ्या, म्हणजे चित्रांच्या, अडचणीचें पुरतें निवारण बरेंच उशिरां झालें. व्हल्कन ही परिभाषा फेब्रुवारी २०१६ मध्यें प्रसिद्ध झाली. पुढें फिलिप रेबोले यांना ‘निअर: ऑटोमाटा’ नांवाचा विंडोजचा खेळ लिनक्सवर खेळण्याची इच्छा झाली, आणि त्या इच्छेपोटीं डायरेक्ट थ्री-डीचे हुकूम व्हल्कनमध्यें उतरविणारी डीएक्सव्हीके नांवाची रचना त्यांनीं हातीं घेतली. खेळाच्या हौसेंतून विद्या कशी निपजते याचें हें बोलकें उदाहरण आहे. स्टीम नांवाचें खेळांचें मोठें दुकान चालविणाऱ्या अमेरिकेंतील व्हॉल्व्ह या कंपनीनें या कामास पाठबळ दिलें, आणि वाईन व डीएक्सव्हीके यांची मोट बांधून २१ ऑगस्ट २०१८ रोजीं ‘प्रोटॉन’ प्रसिद्ध केलें. त्या दिवशीं तिनें हमी दिली ती अवघ्या २७ खेळांची. फेब्रुवारी २०२२ मध्यें तिनें स्टीम डेक नांवाचा हातांत धरून खेळण्याचा संगणक काढला. त्याच्या पोटांत लिनक्स आहे, आणि त्यावर खेळले जाणारे बहुतेक खेळ मूळचे विंडोजचे आहेत. कंपनीनें हें परोपकारार्थ केलें असें नव्हे. आपलें सारें दुकान दुसऱ्याच्या अंगणांत मांडलेलें असणें धोक्याचें, ही तिची चिंता विंडोज ८ च्या वेळेपासूनची, म्हणजे २०१२ पासूनची. परंतु हेतु कांहींही असो, विहीर खणली गेली आणि पाणी सर्वांस मिळालें. आमच्या नातवाच्या जुन्या संगणकावर स्टीम बसविल्यावर प्रोटॉनला वेगळी दमडीही मोजावी लागली नाहीं.

मॅकची कथा याहून नाजूक. पहिल्या अडचणीवर, म्हणजे प्रोसेसरच्या भाषेवर, ॲपलनें रोझेटा २ नांवाचा दुभाष्या आरंभापासूनच देऊं केला. जून २०२३ मध्यें गेम पोर्टिंग टूलकिट नांवाचें साहित्यही तिनें दिलें. त्यांत वाईनचा आधार असून डायरेक्ट थ्री-डीचें मेटलमध्यें रूपांतर करण्याची सोय आहे. तें मुख्यतः खेळ रचणाऱ्यांकरितां आहे. घरच्या माणसास क्रॉसओव्हर नांवाची, वाईनवरच उभारलेली, विकत मिळणारी आज्ञावली सोपी पडते. परंतु जून २०२५ मध्यें ॲपलनें जाहीर केलें कीं, रोझेटाची सर्वसाधारण सोय मॅकओएस २७ पर्यंतच राहील. त्यापुढें कांहीं जुन्या खेळांपुरता तिचा अंश ठेवला जाईल. असाच एक प्रसंग पूर्वीं येऊन गेला आहे. ऑक्टोबर २०१९ मध्यें मॅकओएस कॅटालिना आली आणि तिनें ३२ बिटांच्या सर्व आज्ञावलींस दार बंद केलें. खास मॅकसाठीं रचलेले कित्येक खेळ त्या दिवशीं मॅकवरच मुके झाले. त्यानंतर दोनतीन महिन्यांतच क्रॉसओव्हरकारांनीं युक्ति काढून विंडोजच्या ३२ बिटी आज्ञावली त्याच मॅकवर पुन्हां चालत्या केल्या. घरचें मूल दाराबाहेर आणि परका पाहुणा दुभाष्याच्या बोटाला धरून आंत, असा तो प्रकार झाला!

येथपर्यंत वाचून कोणास वाटेल कीं, आतां सर्व कुलुपें उघडलीं. तसें नाहीं, आणि आमच्या मतें या विषयाचें खरें वर्म येथेंच आहे. आतांपर्यंत सांगितलेल्या तिन्ही अडचणी अज्ञानाच्या आहेत. यंत्राला भाषा कळत नाहीं, एवढाच त्यांचा अर्थ. आणि जें केवळ न कळण्यामुळें अडतें तें परिश्रमानें आज ना उद्यां सुटतें. परंतु चौथी एक अडचण इच्छेची आहे. अनेक जणांनीं मिळून खेळावयाच्या खेळांत लबाडी होऊं नये म्हणून एक पहारेकरी ठेवलेला असतो. कांहीं पहारेकरी विंडोजच्या अगदीं गाभ्यांत बसून सारें यंत्र न्याहाळतात. दुभाष्यापाशीं तो गाभाच नसतो. त्यामुळें पहारेकऱ्यास संशय येतो आणि तो पाहुण्यास परत पाठवितो. ईझी अँटी-चीट व बॅटलआय या दोन प्रसिद्ध पहारेकऱ्यांनीं २०२१ मध्यें प्रोटॉनशीं जमवून घेतलें. परंतु दार उघडावें कीं नाहीं हें प्रत्येक खेळाच्या मालकाच्या मर्जीवर ठेवलें. कांहींनीं उघडलें. ‘फोर्टनाइट’च्या मालकांनीं उघडलें नाहीं. ‘एपेक्स लेजंड्स’चें दार उघडें होतें, तें ऑक्टोबर २०२४ अखेर लिनक्सवाल्यांस बंद करण्यांत आलें; लबाडी करणारे त्या वाटेनें आंत शिरतात, असें कारण मालकांनीं दिलें. तें कारण आम्ही अगदींच पोकळ मानीत नाहीं, कारण वर्गावर पर्यवेक्षण केलेल्या माणसास नक्कल करणाऱ्यांच्या वाटा ठाऊक असतात. पण चार जणांच्या लबाडीपायीं सबंध बाकाला वर्गाबाहेर काढणारा शिक्षकही आम्हीं पाहिला आहे, आणि त्या बाकावरील सालस मुलांचीं तोंडें आम्हांस आठवतात.

नातवानें तीन संध्याकाळ खपून चार खेळ तपासले. दोन लागलीच उघडले. तिसऱ्याचा आवाज येईना. प्रोटॉनची जुनी आवृत्ति निवडतांच तोही चालूं लागला. चौथा, म्हणजे ज्यासाठीं एवढा अट्टाहास, तो मित्रमंडळीचा खेळ, मात्र पहारेकऱ्यानें अडविला. तो हिरमुसला, परंतु रडला नाहीं. “आपला संगणक वाईट नाहीं, आजोबा, त्यांनींच आपल्याला घ्यायचें नाहीं असें ठरवलें आहे,” असें म्हणून त्यानें यंत्र बंद केलें. हा भेद सोळा वर्षांच्या मुलास उमजला, ही त्या तीन संध्याकाळची कमाई आम्ही लहान समजत नाहीं. आपल्यांत कांहीं उणें आहे म्हणून दार लागलें, कीं दार लावणाऱ्याची तशी इच्छा आहे म्हणून लागलें, हें न कळल्यामुळें कित्येक माणसें जन्मभर स्वतःलाच दोष देत बसतात.

पुढें असें ठरलें. सर्वांच्या यंत्रांवर चालणारा एक खेळ नातवानें मित्रांना सुचविला; त्यांतील दोघे रविवारीं संध्याकाळीं तो त्याच्याबरोबर खेळतात. बाकीचे आपला पूर्वींचाच खेळ खेळतात, आणि सोमवारीं सकाळीं त्याच्या गोष्टी चालल्या म्हणजे आमचा नातू अद्यापि ऐकतच उभा राहतो. तें दुःख प्रोटॉननें गेलें नाहीं. नवें यंत्र बारावीनंतर, पुढील शिक्षणास काय लागेल तें पाहून घ्यावयाचें, आणि त्या वेळीं खेळाचाही विचार हिशेबांत धरावयाचा, असें त्याच्या वडिलांनीं आपण होऊन कबूल केलें. पूर्वीं ‘खेळ’ हा शब्द त्यांच्या हिशेबांत नव्हता. आतां तो आला.

ज्या घरांत हा प्रश्न उभा असेल त्यांच्याकरितां चार गोष्टी सांगून ठेवितों. पहिली, अडचण कोणती हें आधीं ओळखावें. संगणक इंटेल अथवा एएमडीचा असून लिनक्सवर चालत असेल तर एकट्यानें खेळावयाच्या खेळांविषयीं बरीच आशा धरावी. नवा मॅक असेल तर आशा बेतानें धरावी, आणि केवळ अशा खेळांकरितां मॅक घेऊं नये. दुसरी, खेळ विकत घेण्यापूर्वीं चौकशी करावी. स्टीमवर प्रत्येक खेळाविषयीं स्टीम डेकवर तो तपासला आहे कीं नाहीं याची खूण असते, आणि प्रोटॉनडीबी येथें खेळणारे आपापले अनुभव नोंदवितात; पहारेकरी असलेल्या खेळाविषयीं तर ते अवश्य वाचावे. तिसरी, स्टीमवर घेतलेला खेळ चौदा दिवसांच्या आंत व दोन तासांहून कमी खेळला असल्यास परत करून पैसे मागतां येतात. चालत नाहीं असें दिसतांच मुलानें लाजून गप्प बसूं नये, वडिलांस सांगावें. आणि वडिलांनीं त्यावर व्याख्यान न देतां पैसे परत मागावे. चौथी, पहारेकऱ्यास चुकविण्याच्या ज्या युक्त्या कानावर येतात त्यांच्या नादीं लागूं नये. तेणेंकरून खातें कायमचें बंद होण्याची भीति असते. चोरून उतरविलेल्या खेळांची तर आमच्या वाचकांच्या घरांत गोष्टच नको. ज्यांनीं शेजाऱ्याची वही न पाहतां पंधरा वर्षें उत्तरें लिहिलीं त्यांच्या श्रमांवर चोरीचा माल चालविणें शोभत नाहीं.

मुलांच्या खेळाकडे वडील माणसांनीं किती लक्ष द्यावें, याविषयीं मतभेद राहील. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ‘मिळणार नाहीं’ हें उत्तर देण्यापूर्वीं एक संध्याकाळ मुलाजवळ बसून त्याची अडचण त्याच्याच तोंडून ऐकावी आणि कुलूप कोणत्या जातीचें आहे तें त्याच्याबरोबर पाहावें. अज्ञानाचें असेल तर दुभाष्या शोधतां येतो. इच्छेचें असेल तर तसें स्पष्ट सांगतां येतें, आणि स्पष्ट सांगितलेलें मूल सहसा समजून घेतें. घरांतही पिढ्यांपिढ्यांच्या भाषा निराळ्या असतात. तेथें दुभाष्याचें काम आजोबा-आजींनीं करावयाचें नाहीं, तर कोणीं करावयाचें?